नवा मासा आधी पडवीत

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की आमच्याकडे कोकणात माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन वहाळावर जातात. चढणीचे मासे धारेच्या उलट वर येत असतात, पार शेताच्या बांधापर्यंत पोचतात. अशाच एका रात्री मी बोटाएवढे चार मासे बादलीतून घरी आणले आणि ओटीवरच्या काचेच्या टाकीत, माझ्या तीन गोल्डफिशबरोबर सोडून दिले. पंधरा-वीस दिवसांनी गोल्डफिश दगडाला अंग घासू लागले. जवळून पाहिलं तर त्यांच्या अंगावर मसुराच्या डाळीएवढे, चपटे, जवळजवळ पारदर्शक किडे सरकत होते. त्या माशांच्या उवा होत्या. महिन्याभरात तिन्ही गोल्डफिश गेले. वहाळातले चार मात्र धडधाकट राहिले.

तेव्हा कुणी मला एवढं एकच सांगितलं असतं तर ते वाचले असते: परजीवी टाकीत आपोआप होत नाहीत, ते कशाबरोबर तरी आत येतात. ‘पाणी बिघडलं म्हणून किडे पडले’ असं घरोघरी म्हणतात. बिघडलेल्या पाण्यात मासा अशक्त होतो आणि अशक्त माशावर किडे झपाट्याने वाढतात, इतकं त्यात खरं आहे. पण किडा किंवा त्याचं अंडं बाहेरून आलंच नसेल, तर पाणी कितीही बिघडो, उवा होणार नाहीत. म्हणून या लेखात औषधं थोडी आणि दारावरचा पहारा जास्त आहे.

आधी ओळख करून घ्या

सगळ्यात जास्त वेळा भेटतो तो व्हाइट स्पॉट. दुकानदार त्याला ‘इच’ म्हणतात. अंगावर आणि शेपटीवर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. हा इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय जीव. त्याचं जीवनचक्र नीट समजून घ्या, कारण पुढच्या बऱ्याच पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

ठिपका दिसतो तेव्हा तो जीव माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून खात असतो. तिथे त्याला मीठ लागत नाही आणि औषधही लागत नाही. पोट भरलं की तो माशावरून गळतो, तळाला किंवा पानाला चिकटतो, भोवती कवच करतो आणि आतल्या आत त्याचे शेकडो जीव होतात. ते कवच फोडून पोहत निघतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरून जातात. आपल्याला त्यांना मारता येतं ते पोहण्याच्या याच वेळात. पाणी २५ अंशांच्या आसपास असलं तर हे सगळं चक्र तीन ते सहा दिवसांत पुरं होतं. थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात.

म्हणजे ठिपके दिसेनासे झाले म्हणून रोग गेला असं समजू नका. ते माशावरून उतरून तळाला वाढत असतील. नवशिके नेमके त्याच दिवशी उपचार थांबवतात आणि आठवड्याने दुप्पट ठिपके घेऊन बसतात. दुसरं म्हणजे, ज्या भांड्यात मासाच नाही तिथे हा जीव आपल्या उबदार हवेत फार दिवस तगू शकत नाही. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

एक गैरसमज इथेच दूर करतो. विणीच्या दिवसांत नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांवर ओळीने बारीक पांढरे दाणे येतात. ते वयात आल्याचं लक्षण आहे. त्यावर औषध टाकू नका.

बाकीचे थोडक्यात. वेल्वेट नावाच्या रोगात अंगावर सोनेरी-पिवळसर भुकटी बसल्यासारखी दिसते. फायटर माशाला हा जास्त होतो, आणि बॅटरीचा झोत तिरका मारला की चटकन कळतो. उवा आणि अँकर वर्म साध्या डोळ्यांना दिसतात. अँकर वर्म म्हणजे खवल्यांतून बाहेर लोंबणारा दोऱ्यासारखा धागा, टोकाला दोन फाटे, मुळाशी लालसर सूज. फ्लूक, म्हणजे कल्ल्यांवर-कातडीवर बसणारे बारीक चपटे जंत, मात्र दिसत नाहीत. मासा घाईघाईने कल्ले हलवतो, एकच कल्ला उघडा ठेवतो, अंग घासतो, त्यावरून संशय घ्यायचा. गप्पीच्या गुदद्वारातून लाल केसासारखे टोक बाहेर दिसलं तर तो कॅमेलॅनस नावाचा आतड्यातला जंत. आणि एंजल किंवा फ्लॉवरहॉर्न खाणं टाकून पांढरी, लांब, चिकट विष्ठा टाकू लागला तर आतड्यातल्या एकपेशीय परजीवींचा विचार करावा.

पहिली पायरी: पाणी

मासे आणण्याच्या आधी टाकी महिना-दीड महिना चालू ठेवा. फिल्टरच्या स्पंजात जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेच जिवाणू माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवतात. त्याआधी मासे सोडले तर अमोनियाने कल्ले भाजतात आणि अशा माशावर इच हमखास बसतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

आपल्याकडच्या पाण्याच्या तीन गोष्टी मुंबई-पुण्याच्या माहितीत सापडणार नाहीत.

जांभ्या दगडात खोदलेल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, क्षार कमी. असं पाणी टाकीत हळूहळू आंबट होत जातं. गोल्डफिश, गप्पी, मॉली यांना ते मानवत नाही. तिसऱ्यांच्या मूठभर शिंपल्या उकळून, खरवडून, जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवा. त्या सावकाश विरघळतात आणि पाणी सावरून धरतात. टेट्रासारख्या मऊ पाण्याच्या माशांना याची गरज नाही.

पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकते. माणसांसाठी ते हवंच, पण क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतं. कालपर्यंत चालणारं पाणी आज चालेलच असं नाही. म्हणून विहिरीचं असो की नळाचं, पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा) लावून ठेवा, किंवा दुकानातलं अँटीक्लोरीन मापाने टाका. मी दोन्ही करतो.

तिसरी गोष्ट भांड्यांची. तांब्याची कळशी, घंगाळ, हंडा यात माशांचं पाणी साठवू नका. तांबं माशांना विषारी असतं आणि आपल्यासारख्या मऊ पाण्यात त्याचा विषार अधिकच बाधतो. प्लास्टिकची बादली घ्या, साबणाला कधी न लागलेली.

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, आणि पहिल्या पावसानंतर तेच पाणी एकदम गार होतं. असा बदल माशाला मोडतो. पाणी बदलताना दोन्हीकडचं तापमान थर्मामीटरने मोजा. दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा. एका वेळी पाव टाकीपेक्षा जास्त पाणी बदलू नका.

दुसरी पायरी: दुकानात

घाई करू नका. दहा मिनिटं नुसतं बघत उभे राहा. एकाच टाकीत एक जरी मासा पर मिटून कोपऱ्यात असेल, तळाशी मेलेला असेल किंवा दगडाला अंग घासत असेल, तर त्या टाकीतला कोणताच मासा घेऊ नका, तुम्हाला आवडलेला मासा कितीही तरतरीत दिसला तरी. एकाच फिल्टरवर सगळ्या टाक्या जोडलेल्या असतील तर ते दुकानच सोडा. मालकाला खाणं टाकून दाखवायला सांगा. जो मासा खायला येत नाही तो घरी आणून बरा करण्याचं काम नवशिक्याचं नाही.

गणपतीला आणि मेमध्ये चाकरमानी भाच्यांसाठी क्रॉफर्ड मार्केटमधून पिशवीत मासे घेऊन येतात. रात्रभराच्या प्रवासाने ते आधीच थकलेले असतात. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग उघडून मासे लगेच जाळीने काढून घ्या. पिशवीतलं पाणी टाकीत एक थेंबही जाऊ देऊ नका. त्यात दुकानातल्या सगळ्या टाक्यांचं थोडं थोडं असतं.

तिसरी पायरी: पडवीतलं टब

लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा. नवा मासा, कुठूनही आलेला असो, चार आठवडे वेगळा ठेवायचा.

लागतं ते फार नाही. वीस-पंचवीस लिटरचं प्लास्टिकचं टब, एक हवेचा पंप, एक स्पंज फिल्टर, लपायला मातीचं फुटकं भांडं किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा, वर जाळीचं झाकण. वाळू घालू नका. रिकाम्या तळावर विष्ठा दिसते, पडलेले परजीवी पाण्याबरोबर उपसता येतात. या टबाचा स्पंज महिनाभर आधीपासून मोठ्या टाकीत ठेवून मुरवून घ्या. नंतर मात्र तोच स्पंज मोठ्या टाकीत परत घालू नका.

टब मोठ्या टाकीपासून लांब ठेवा. हवेच्या बुडबुड्यांनी उडणाऱ्या थेंबांतूनही इच पसरू शकतो. आमच्या घरी टाकी ओटीवर आणि टब मागच्या पडवीत, चुलीच्या धुरापासून आणि मांजरांपासून राखून. पडवीत पावसाची झड येते, म्हणून भिंतीकडची बाजू घ्यावी.

चार आठवडे का, दोन का नाही? आपल्या हवेत इच पंधरवड्यात उघडा पडतो, हे खरं. पण उवांची अंडी काचेला-दगडाला चिकटलेली असतात आणि फुटायला दोन-तीन आठवडे घेऊ शकतात. कल्ल्यातले काही फ्लूकही अंडी घालतात. आतड्यातला जंत तर बाहेर टोक दिसेपर्यंत लपून असतो. विसाव्या दिवशी त्याच टबात आणखी एक मासा घातलात तर मोजणी पुन्हा एकपासून. हे जिवावर येतं, मला माहीत आहे. पोरं रोज विचारतात कधी सोडायचा म्हणून. तरी थांबा.

टबातलं पाणी एक दिवसाआड पाव बदला, कारण तिथे फिल्टर कोवळा असतो. खाणं कमी, दोन मिनिटांत संपेल इतकंच. काही दुकानदार आल्या आल्या तीन औषधं टाकायला सांगतात. मी त्याच्या विरोधात आहे. थकलेल्या माशाला औषधाचा मारा सोसत नाही, आणि रोग कुठला ते कळायच्या आधीच लक्षणं झाकली जातात. आधी बघा. दिसलं तरच औषध.

कामाचा क्रम ठरवून घ्या: आधी मोठी टाकी, शेवटी टब, मग हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. उलट क्रमाने कधीच नाही. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि नळीने पाणी ओढताना तोंड लावू नका. टाकीतल्या काही जिवाणूंनी माणसाच्या कातडीलाही चिवट आजार होतो.

चौथी पायरी: माशांशिवाय जे येतं ते

पाणवनस्पती. तळीतून उपटून आणलेलं हायड्रिला फार छान वाढतं, पण त्याच्याबरोबर अँकर वर्मची पिल्लं, उवांची अंडी, गोगलगाई येतात. दुकानातून आणलेली वनस्पतीही माशांच्या टाकीतलीच असते. स्वच्छ पाण्यात तीनदा खळबळून धुवा आणि मासे नसलेल्या बादलीत, उजेडात चार आठवडे ठेवा. मासा नाही म्हणजे बहुतेकांचं अन्नच नाही. याहून स्वस्त औषध मला ठाऊक नाही.

गोगलगाई. काही परजीवींचं अर्धं आयुष्य गोगलगाईत जातं. तळीतल्या गोगलगाई टाकीत नकोत.

जिवंत खाद्य. ट्युबिफेक्स नावाचे बारीक लाल किडे गटारातल्या गाळात वाढतात. नवशिक्यांनी ते आणूच नये. डासांच्या अळ्या हव्या असतील तर मासे नसलेल्या, झाकता येणाऱ्या बादलीतल्याच घ्या, आणि रोज काढून संपवा, नाहीतर घरात डेंग्यूला आमंत्रण. गोठवलेलं खाद्य जास्त सुरक्षित. घरचा सुका जवळा तासभर भिजवून, दोनदा पाणी बदलून, मीठ उतरवून चिमूटभर दिला तर चालतो. नदीतल्या माशाचे कच्चे तुकडे मात्र कधीच नको.

गप्पी. आरोग्य विभागाचे कर्मचारी डासांसाठी विहिरीत, डबक्यात गप्पी सोडतात. मुलं तेच पकडून आणतात. हे गप्पी काटक असतात आणि म्हणूनच परजीवी अंगावर वागवत आनंदाने जगतात. चार आठवड्यांचा नियम त्यांनाही. चढणीच्या माशांना तर नक्कीच, आणि खरं सांगायचं तर ते वहाळातच बघावेत.

समुद्राचं पाणी. आपण किनाऱ्यावर राहतो, तेव्हा मीठ विकत कशाला, किनाऱ्यावरून कळशीभर पाणी आणू, असं काहींना वाटतं. त्यात काय काय आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी त्याचा खारेपणा इतका बदलतो की मापच राहत नाही. मीठ वजन करूनच घाला.

पाचवी पायरी: जाळी आणि पावसाळा

प्रत्येक टाकीला वेगळी जाळी, वेगळी नळी, वेगळी बादली. कडकडीत वाळलेल्या जाळीवर इच जगत नाही, हे खरं. पण श्रावणात आपल्याकडे कपडेच चार दिवस वाळत नाहीत, तिथे जाळी कुठली वाळायला! म्हणून पावसाळ्यात जाळी कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवा, झटका आणि चुलीच्या वर, उबेला टांगा.

पावसाळ्यात लाइट जाते, कधी दोन-दोन दिवस. हवा बंद पडली की प्राणवायू कमी होतो, फिल्टरमधले जिवाणू मरू लागतात आणि त्यानंतरच्या आठवड्यात इच दिसतो. बॅटरीवर चालणारा पंप जूनच्या आधी घेऊन ठेवा. लाइट नसताना खाणं बंद. निरोगी मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो.

सहावी पायरी: रोजची दोन मिनिटं

सकाळी खाणं टाकताना मोजा: सगळे आले का? पर उघडे आहेत का? कल्ले कसे हलतात? कुणी पाण्याच्या वर तोंड काढतो का? कुणी काचेला, दगडाला अंग घासतो का? एका वहीत तारीख आणि तापमान लिहा. मी लिहितो, आणि वही चाळली की दिसतं: इच आला तो जवळजवळ प्रत्येक वेळी तापमान एकदम उतरल्यानंतर किंवा काहीतरी नवं आणल्यानंतर.

तरीही आलाच तर

पहिल्या दिवशी दिसला तर इचवर मीठ आणि ऊब पुरते. टाकीतलं खरं पाणी मोजा: लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००. दोन फुटी नेहमीच्या टाकीत साधारण ४५ लिटर निघतं. लिटरला २ ग्रॅम धरून ९० ग्रॅम खडे मीठ तीन भाग करून, दीड दिवसात, वेगळ्या भांड्यात विरघळवून घाला. वजनकाट्यावर मोजा, मुठीने नाही. पाणी बदलाल तेव्हा जितकं पाणी काढलं तितक्याचंच मीठ परत घाला, कारण मीठ उडून जात नाही. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत ३० पर्यंत न्या (मेमध्ये ते तसंही तिथेच असतं) आणि हवा जोरात सोडा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. रोज तळ नळीने ओढून काढा. शेवटचा ठिपका गेल्यावरही पूर्ण आठवडा चालू ठेवा. कॅटफिश आणि लोच या माशांना मीठ सोसत नाही, वनस्पतीही कोमेजतात. त्यांना आधी वेगळं काढा, पण त्यांच्या भांड्यावरही नजर ठेवा.

उवा दोन-चार असतील तर मासा ओल्या कापडात धरून बोथट चिमट्याने काढता येतात. टाकीतले दगड काढून उकळा, काचेवरची अंडी पट्टीने खरवडा. फ्लूक, जंत, आतड्यातले परजीवी यांना वेगवेगळी औषधं लागतात: फ्लूकना प्राझिक्वान्टेल, कॅमेलॅनसला लेव्हामिसोल, आतड्यातल्या एकपेशीयांना मेट्रोनिडाझोल. एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून अंदाजाने देऊ नका, जाणकाराला मासा दाखवा. रत्नागिरीजवळ शिरगावात १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. माशांचे रोग हा तिथे शिकवण्याचा विषय आहे. कल्ल्याचा किंवा कातडीचा चिकट स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पाच मिनिटांत उलगडा होतो. कुठलंही औषध घालताना फिल्टरमधला कोळसा काढायला विसरू नका, नाहीतर तो औषधच शोषून घेतो.

आंब्याच्या बागेतलं औषध मात्र चुकूनही नाही. ‘किडाच आहे, फवारणीचा एक थेंब टाक’ असं सांगणारे भेटतात. मोहरावर मारतात त्यातली कित्येक औषधं माशांना अतिशय जहरी असतात, उवांच्या आधी मासे मरतात. फवारणीच्या दिवसांत टाकी झाकून ठेवा, फवारणीची बादली माशांच्या पाण्याला लावू नका.

राहिलं वापरलेलं पाणी. साधं पाणी नारळाच्या आळ्यात घाला, हलकं मिठाचंही माड सोसतो. औषधाचं पाणी विहिरीपासून आणि वहाळापासून लांब, खड्ड्यात जिरवा. मेलेला मासा पुरून टाका. नकोसा झालेला मासा, विशेषतः काच चाटणारा, झपाट्याने वाढलेला सकर मासा, तळीत किंवा वहाळात सोडू नका. दुकानात परत द्या किंवा ज्याच्याकडे मोठी टाकी आहे त्याला द्या. त्याच्या अंगावरून जे जाईल ते पुढच्या मृगात चढणीच्या माशांवर असेल.